डाग काढा, चेहरा नको : फोटोतल्या त्वचेचं रिटचिंग

ज्यांना पाऊण तास हेडफोन लावून बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. जसंच्या तसं उतरवलेलं नाही. मधले माझे शंभर वेळा आलेले 'म्हणजे' आणि रेकॉर्डिंग चालू असताना खालून ओरडत गेलेला भंगारवाला, दोन्ही काढून टाकलेत. बाकी बोलणं तेच.

गेल्या भागात आपण खिडकीच्या उजेडात पोर्ट्रेट कसं काढायचं ते पाहिलं. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा : "फोटो मस्त आलाय, पण गालावर नेमकी पुटकुळी आहे. ती कशी घालवू? आणि घालवली की गाल मेणाचा का दिसतो?" मला या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त आवडला. कारण पुटकुळी घालवायला आता अक्कल लागत नाही, मोबाइलवर एक बोट टेकवलं की जाते. गाल मेणाचा का होतो हे समजलं, की बाकीचं आपोआप समजतं.

आधी हत्यारांची ओळख. मी गिंप वापरतो. फुकट आहे, लिनक्स-विंडोज-मॅक सगळीकडे चालतं. फोटोशॉपवाल्यांनी काळजी करू नये, नावं थोडी इकडेतिकडे होतील, कल्पना त्याच आहेत. दोन्हीकडे मुख्य ब्रश दोन : क्लोन आणि हील. क्लोन जुना. हीलिंग ब्रश फोटोशॉपमध्ये आला २००२ साली, सातव्या आवृत्तीत. गिंपमध्ये २००७ च्या २.४ मध्ये. आणि या दोघांमधला फरक माहीत नसताना लोक वर्षानुवर्षं दोन्ही वापरतात, म्हणून जरा तिथे थांबू.

फोटो म्हणजे आकड्यांचं कोष्टक. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, ० ते २५५. सोपं जावं म्हणून आपण एकच आकडा धरू, उजळपणाचा. समजा गालाच्या उजेडातल्या बाजूला ओळीने ठिपके आहेत : १८०, १८३, १७९, १८२. हे जे वरखाली होतंय ना, तीन वर, चार खाली, परत तीन वर, ती तुमची कातडी. रोमरंध्रं, बारीक लव, सगळं त्या चढउतारात. आणि १८० च्या आसपास असणं हा उजेड.

आता पुटकुळी आहे गालाच्या सावलीच्या बाजूला, जिथे आकडे १५० च्या घरात आहेत. क्लोन काय करतो? उजेडातले आकडे उचलतो आणि तिथे आणून ठेवतो. १५० च्या शेजारी १८०. पुटकुळी गेली, पण पांढरट ठिगळ बसलं. हील जरा हुशार. तो आकडे उचलत नाही, आकड्यांमधले फरक उचलतो. म्हणजे 'अधिक तीन, उणे चार, अधिक तीन'. आणि ते नव्या जागेच्या काठावरच्या आकड्यांपासून सुरू करून आत भरतो : १५०, १५३, १४९, १५२. कातडी तिकडची, उजेड इकडचा. झालं.

एका ओळीत हे सोपं आहे. पण ब्रशचा गोल असतो आणि काठ चारही बाजूंनी असतो. डावीकडचा काठ १५० म्हणतो, उजवीकडचा १४२, वरचा १५५. सगळ्यांशी जुळेल आणि आतले फरकही फारसे बिघडणार नाहीत असं उत्तर काढायचं, तर ते पॉयसॉं समीकरण होतं. हो, तेच. सेकंड इयरला एम-थ्रीच्या पेपरात लाप्लास आणि पॉयसॉं यांना शिव्या घालत आपण पास झालो, ते इथे कामाला आले. २००३ साली 'पॉयसॉं इमेज एडिटिंग' नावाचा एक पेपर आला, पेरेझ, गांगने आणि ब्लेक यांचा, त्यात हे फार सुंदर मांडलंय. ज्यांना गणित बघायचंय त्यांनी तो जरूर वाचा, चित्रं बघण्यासाठी तरी वाचा.

आता याचा रोजच्या कामात उपयोग. हीलला काठावर जे दिसतं ते तो खरं मानतो. त्यामुळे पुटकुळी भुवईला, केसांना किंवा हनुवटीच्या कडेला चिकटून असेल आणि ब्रशचा काठ त्या काळ्या भागावर गेला, तर तो काळेपणा आत झिरपतो. काजळ फिसकटल्यासारखा डाग येतो. लोक म्हणतात टूल बिघडलंय. बिघडलं नाहीये, तुम्ही त्याला चुकीचा काठ दाखवलात. अशा जागी ब्रश अगदी बारीक करायचा, आणि तरी नाही जमलं तर क्लोन घ्यायचा, शेजारच्याच उजेडातला नमुना घेऊन. म्हणून क्लोन अजून मेलेला नाही.

कृती अशी. आधी लेयरची प्रत काढा, मूळ लेयरला हात लावू नका. फोटो शंभर टक्के झूमवर आणा. एच दाबलं की गिंपमध्ये हील येतो. कंट्रोल दाबून स्वच्छ जागेवर क्लिक करा (फोटोशॉपमध्ये ऑल्ट), तो नमुना. चौकोनी कंसाच्या दोन बटणांनी ब्रश लहानमोठा होतो. ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा असावा. आणि ओढू नका, टिचकी मारा. ब्रश रंगवल्यासारखा फिरवला की एकच नमुना लांबवर पसरतो आणि गालावर नक्षी तयार होते. दर दोन-तीन टिचक्यांनंतर नमुना बदला. नमुना घेताना जागा बघून घ्या : कपाळाची कातडी कपाळाला, नाकाची नाकाला. नाकावरची रंध्रं मोठी असतात, ती गालावर आणून ठेवलीत तर बघणाऱ्याला कळत नाही काय चुकलंय, पण चुकलंय हे कळतं.

मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये हीलिंग आहे. तिथे ब्रशचा आकार बदलायचा तर फोटो झूम करायचा. नव्वद टक्के लोक झूम न करता बोट टेकवतात आणि मग अर्धा गाल बदलतो.

बरं, आता मेण.

मोबाइलमधला ब्युटी मोड किंवा 'एका क्लिकमध्ये स्मूद' वगैरे जे असतं, ते मुळात काय करतं? मघाचे आकडे आठवा. लहान फरक पुसायचे, मोठे फरक ठेवायचे. डोळ्याची कड, ओठांची कड हे मोठे फरक, ते शाबूत. तीन वर, चार खाली हे लहान, ते सपाट. १८०, १८०, १८०, १८०. पण तो लहान फरक म्हणजेच कातडी होती! डाग काढायला गेलो आणि डाग ज्या कापडावर होता ते कापडच इस्त्रीखाली जाळलं. मोबाइलच्या स्क्रीनवर ते खपून जातं, कारण तिथे चेहरा अंगठ्याएवढा. तोच फोटो बारा बाय अठरा इंचांत प्रिंट करून हॉलमध्ये लावा, मग बघा.

यावर उपाय म्हणजे बारीक आणि ढोबळ गोष्टी आधी वेगळ्या करायच्या. गिंपमध्ये २.१० पासून, म्हणजे २०१८ पासून, वेव्हलेट डिकंपोज नावाचा फिल्टर आहे, फिल्टर्समध्ये एन्हान्स खाली. तो फोटोचे थर सुटे करून देतो. पहिल्या थरात सगळ्यात बारीक तपशील, मग त्याहून जाड, असे पाच, आणि तळाशी रेसिड्युअल म्हणून एक धूसर फोटो ज्यात फक्त रंग आणि उजेड-सावली. सगळे एकत्र केले की मूळ फोटो परत. आपल्या १८३ चे १८१ तळाशी आणि २ वरच्या थरांत, असा हिशोब.

मग एकेक थराचा डोळा बंद-चालू करून बघा, डाग कुठल्या थरात राहतात. रंध्रं बहुतेक पहिल्या-दुसऱ्यात असतात. त्यांना हात लावायचा नाही. पुटकुळ्यांचे उंचवटे तिसऱ्या ते पाचव्या थरात सापडतील, तिथे त्या त्या थरावर जाऊन हील मारायचा, 'सॅम्पल मर्ज्ड' बंद ठेवून. आणि लालसर, काळसर चट्टे रेसिड्युअलमध्ये असतात. तिथे लासोने चट्ट्याभोवती मोकळी निवड करायची, कडा फेदर करायच्या आणि थोडा गॉसियन ब्लर. थोडा! आणि निवड नाकाच्या किंवा जबड्याच्या कडेवरून जाऊ द्यायची नाही, नाहीतर सावली गालात उतरते. रंध्रं वरच्या थरात सुरक्षित असल्यामुळे मेण होत नाही. फोटोशॉपवाले हेच दोन थरांत करतात आणि त्याला फ्रीक्वेन्सी सेपरेशन म्हणतात.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या कातडीबद्दल. यूट्यूबवरचे बरेच धडे गोऱ्या चेहऱ्यांवर केलेले असतात. तिथे मुरूम म्हणजे लाल. रेड सॅच्युरेशन कमी करा, काम संपलं. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर मुरूम जातो आणि मागे तपकिरी, काळपट डाग सोडतो. महिनोन्महिने राहतो तो. तिथे लाल कमी केलं तर डाग जात नाही, उलट राखाडी होतो, आजारी दिसतो. त्याला उजळवायचं असतं, रंग घालवायचा नसतो. त्यासाठी पन्नास टक्के राखाडी रंगाचा एक लेयर घ्या, मोड सॉफ्ट लाइट, आणि पाच ते दहा टक्के ऑपॅसिटीच्या पांढऱ्या ब्रशने डागावरून हळूहळू फिरवा. घाई केली तर पावडर लावल्यासारखं दिसतं. वेळखाऊ आहे, एका चेहऱ्याला वीस मिनिटं सहज जातात. माझ्या मते वांग असलेल्या चेहऱ्याला दुसरी चांगली पद्धत नाही. आणि वांग पूर्ण काढूही नये, थोडा हलका करावा.

एक मजा करून बघा. कुठलाही चेहरा उघडा आणि लाल, हिरवा, निळा चॅनल वेगवेगळा बघा. लालमध्ये कातडी गुळगुळीत, निळ्यात सगळे डाग उठून आलेले. रक्त आणि मेलॅनिन दोन्ही निळा उजेड जास्त शोषतात, लाल त्या मानाने सोडून देतात, म्हणून. याचा फायदा असा, की फोटो कृष्णधवल करायचा असेल तर मोनो मिक्सरमध्ये लालचा वाटा वाढवा, निम्मे डाग ब्रश न उचलता गेले. आणि याच्याच उलट म्हणून सुरुवातीच्या काळातल्या फिल्मवर चेहरे इतके डागाळ यायचे. त्या फिल्मला लाल दिसायचंच नाही, लालसर पुटकुळी काळी यायची. मग स्टुडिओतला रिटचर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करायचा. प्रिंटमध्ये जे काळं येणार ते निगेटिव्हवर पारदर्शक असतं, तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये उजळ. म्हणजे रिटचिंग काही सॉफ्टवेअरने आणलेलं खूळ नाही. फरक एवढाच, की त्या माणसाला प्रत्येक डाग डोळ्यांनी बघून ठरवावा लागायचा, काढू की ठेवू.

आणि आता ते कोण ठरवतं, यावर मला बोलायचंच होतं.

आमच्या घरातली गोष्ट. आजी गेली तेव्हा तेराव्याला तसबीर हवी म्हणून काकांनी अल्बममधला एक फोटो तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत दिला. दुसऱ्या दिवशी फ्रेम आली. हार घातला, उदबत्ती लावली. आत्या आली, तसबिरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ही कोण?" कुणाला कळेना. नाक आजीचं, डोळे आजीचे, नऊवारीही तीच. मग माझी आई म्हणाली, "कपाळ मोकळं आहे."

आजीच्या कपाळावर गोंदण होतं. दोन भुवयांच्या मध्ये तुळशीसारखी एक खूण, बाजूला ठिपके, आणि हनुवटीवर एक ठिपका. आजोबांच्या मागे बावीस वर्षं तिने कुंकू लावलं नाही, पण कपाळ कधी मोकळं दिसलं नाही, ते त्या गोंदणामुळे. आत्या म्हणायची, आईचं एवढं लेणं वर जाताना बरोबर जाणार. ते आम्ही भिंतीवर लावलेल्या तसबिरीतून पुसलं गेलं होतं. काकांनी फोन केला तर स्टुडिओवाला म्हणाला, "डाग साफ करून दिलेत काका, त्याचे वेगळे पैसे पण नाही घेतले."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मला खात्री आहे त्याने चेहरा नीट बघितलाही नसेल. ऑटो रिटचचं बटण दाबलं असेल. आणि सॉफ्टवेअरच्या बाजूने बघा : कातडीवर, भोवतीपेक्षा गडद, छोटा, गोल, कडा धूसर. पुटकुळीची व्याख्या हीच आणि जुन्या गोंदणाचीही हीच. तीळ, चामखीळ, देवीचे व्रण, सगळं त्यात बसतं. आकड्यांत त्यांच्यात फरक नाही. फरक आहे तो तुमच्या माहितीत, आणि ती माहिती फाइलमध्ये नसते.

मूळ फोटो सुदैवाने होता. मी तो सहाशे डीपीआयवर स्कॅन केला आणि नव्याने बसलो. जुन्या प्रिंटमध्ये अडचण ही, की डाग दोन प्रकारचे असतात, चेहऱ्याचे आणि कागदाचे. बुरशीचे ठिपके, ओरखडे, धुळीचे कण. कसे ओळखायचे? मी करतो ते सांगतो. तसाच डाग पदरावर किंवा मागच्या भिंतीवर दिसतो का बघायचं. दिसला तर तो कागदाचा. रेघ गालावरून निघून केसांत आणि मागच्या पडद्यात गेली, तर तो ओरखडा. सुरकुती चेहरा सोडून जात नाही. पांढरे ठिपके बहुतेक धूळ किंवा बुरशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच माणसाचा दुसरा फोटो शेजारी उघडून ठेवायचा. माझ्याकडे काकांच्या लग्नातला होता. दोन्हीत एकाच जागी जे आहे ते चेहऱ्याचं. तरी डाव्या भुवईवरच्या एका ठिपक्यावर मी अडलो. आत्याला व्हिडिओ कॉल केला, स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "काढ तो. नाही, थांब. ठेव. चुलीचा निखारा उडाला होता तिथे." ठेवला.

म्हणून तुमचा स्वतःचा, मित्राचा, कुणाचाही फोटो करताना मी एक नियम पाळतो, आणि हा नियम माझा नाही, पोर्ट्रेट करणारे बरेच लोक सांगतात : दोन आठवड्यांनी जे चेहऱ्यावर नसणार, ते काढायला हरकत नाही. पुटकुळी, डासाचा चावा, दाढी करताना कापलेलं, गॉगलचा वळ. जे राहणार आहे ते विचारल्याशिवाय काढायचं नाही. तीळ, व्रण, गोंदण, लासा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मधली गोष्ट. ती अर्धी हलकी करतो : रिटच केलेल्या लेयरची ऑपॅसिटी साठ-सत्तर टक्क्यांवर आणायची, खालचा खरा चेहरा थोडा वर डोकावतो. बहुतेक वेळा पूर्ण लेयरलाच हे केलं तरी फोटो सुधारतो.

सांगलीच्या एका श्रोतीचा मेसेज होता, तो वाचतो. बायोडेटासाठी फोटो काढलाय, घरचे म्हणतात डाग काढ आणि जरा उजळ कर. ताई, डाग कसे काढायचे ते वर आलं. 'उजळ' मात्र वेगळं प्रकरण आहे. फोटो खरंच अंधारा आला असेल तर एक्स्पोजर वाढवा, पण मग भिंत, साडी, दागिने सगळंच त्या प्रमाणात उजळेल. फक्त चेहराच उजळला तर ते एक्स्पोजर नाही, तो रंग बदलणं आहे. ओळखायची सोपी खूण, चेहरा आणि मान किंवा हात यांचा रंग जुळतो का बघा. स्टुडिओतून आलेल्या बायोडेटा फोटोंमध्ये हमखास जुळत नाही. २०२० साली शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून शोधायचा फिल्टर काढून टाकला, त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीने नावातलं फेअर काढलं. घरच्यांना हे सांगून उपयोग होईल असं मी म्हणत नाही. पण स्लायडर तुमच्या हातात आहे, आणि बघायला येणारी माणसं मोबाइल घेऊन नाही, डोळे घेऊन येतात. ओठाजवळच्या तिळाबद्दल विचारलंय तुम्ही. तुम्हाला आवडतो का तो? मग राहू दे.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. पासपोर्ट किंवा व्हिसाच्या फोटोवर यातलं काहीही करायचं नाही, पुटकुळीसकट द्यायचा. अमेरिकेच्या व्हिसासाठी तर डिजिटल फेरफार केलेला फोटो चालत नाही असं नियमातच आहे. आणि काम करताना फाइल एक्ससीएफ किंवा पीएसडीमध्ये ठेवा, लेयरसकट. जेपीजी शेवटी काढा, वेगळ्या नावाने. मूळ फोटोवर सेव्ह करू नका. आमच्याकडे अल्बम होता म्हणून आजी परत मिळाली. हल्लीचे फोटो मोबाइलमध्येच काढले जातात, मोबाइलमध्येच गुळगुळीत होतात, आणि ब्युटी मोड चालू असेल तर बऱ्याच फोनमध्ये मूळ फोटो साठवलाच जात नाही. आईबाबांच्या फोनमध्ये तो मोड चालू आहे का, आज बघून घ्या. बंद करायला दोन सेकंद लागतात.

पुढच्या भागात स्कॅनिंग : जुने अल्बम घरच्या घरी, चकाकी न येता. प्रश्न असतील तर पाठवत राहा. चला, भेटू.